ओखामंडळाचे कागद, चौथ्या चिठ्ठीला

ओखा आणि बेट द्वारका यांचे गायकवाडी काळातले महसुली कागद बघायचे तर बडोद्याच्या दप्तरखान्यातच, हे सगळे सांगतात. मागायचे कसे, ते कोणी सांगत नाही. अर्ज, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो हे एका सकाळीत उरकलं. घोडं अडलं ते मागणीच्या चिठ्ठीतल्या 'विषय' या रकान्यात.

पहिली चिठ्ठी: 'ओखा, 1880 ते 1910'. परत. "ओखानुं कांई नथी." दुसरी: 'ओखा बंदर'. परत. तिसरी: 'बेट'. "कयुं बेट?" खिडकीपलीकडे यादीत तेच अक्षर दिसलं तरच फाईल असते, नाहीतर जगात नसतेच!

अर्थात निम्मी चूक माझी. ओखा बंदर सयाजीरावांच्या काळातलं असलं तरी 1920 च्या दशकातलं. 1880 च्या दप्तरात ते कुठून येणार? तेव्हा तालुका ओखामंडळ, मुख्य ठाणं द्वारका, आणि तालुका अमरेली प्रांतात. नकाशावर अमरेली कुठल्या कुठे, पण यादीत आधी तेच उघडायचं. बेटाची तर तीन नावं: 'बेट', 'शंखोद्धार', आणि इंग्रजी फायलींत बी-ई-वाय-टी. एकाच चिठ्ठीवर तिन्ही लिहा. समोरच्या किनाऱ्यावरचं आरंभडाही घाला. चौथ्या चिठ्ठीला गठ्ठा आला. तो टेबलावर ठेवतानाही कारकुनाचा चेहरा असा, की जणू मीच लपवून ठेवला होता.

वर्षाचाही घोळ होतो. बडोदा संस्थानाचं सरकारी वर्ष 1 ऑगस्ट ते 31 जुलै. जून 1905 ची गोष्ट 1904-05 मध्ये सापडते, सप्टेंबरची 1905-06 मध्ये.

वाघेरांचं, म्हणजे ओखामंडळातल्या बंडखोर लढवय्या जमातीचं, काही हवं असेल तर महसुली दप्तरात दिवस घालवू नका. 1859 मध्ये इंग्रज फौजेनं बेटाचा किल्ला घेतला. त्यानंतर वाघेरांचा बंदोबस्त द्वारकेतल्या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता आणि वसुली वहिवाटदाराकडे, म्हणजे गायकवाडांच्या तालुक्याच्या अधिकाऱ्याकडे. त्यामुळे बंदोबस्ताचे कागद रेसिडेन्सीच्या, म्हणजे बडोद्यातल्या इंग्रज रेसिडेंटच्या कचेरीच्या, फायलींत शोधायचे.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: जुने मराठी कागद मोडीत, नंतरचे बरेचसे गुजरातीत. दोन्ही लिप्या येणारं कोणी सोबत न्या. पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या. आणि विलीनीकरणानंतरचे, म्हणजे 1949 पुढचे सातबारे-नकाशे इथे मागू नका. तो भाग नंतर जामनगर जिल्ह्यात होता, 2013 पासून देवभूमी द्वारका जिल्ह्यात आहे.