चंद्रावरचं विमान: अखेर ते फ्रेममधे आलं, आणि इतके दिवस का येत नव्हतं तेही कळलं

मंडळी, मिळालं एकदाचं! काल संध्याकाळी सूर्य मावळून पाच-सात मिनिटं झाली असतील, त्रयोदशीचा चंद्र जवळपास ३० अंश वर आलेला, आणि त्याच्या बिंबावरून एक अख्खं बोइंग ७७७-३०० ईआर डावीकडून उजवीकडे गेलं. दहा फ्रेम आल्या, त्यातल्या चार फ्रेममधे विमान नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण बिंबाच्या आत आहे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झूम करून बघितलं तेव्हा पंखाखालची दोन्ही इंजिनं वेगळी दिसत होती, मग मी तिथेच खाली बसलो आणि पाच मिनिटं नुसत्या त्या चार फ्रेम पुढे-मागे करत राहिलो.

फोटो स्पर्धेची मुदत परवा संपतेय, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी मागच्या नोंदीत राहिलेला हिशोब पूर्ण करतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलं होतं की विमानांची जागा दाखवणाऱ्या ॲपवर विमान चंद्राच्या बरोबर रेषेत दिसतं आणि प्रत्यक्षात मात्र बाजूने निघून जातं, असं का. मलाही तीन महिने तेच छळत होतं.

सेटअप तोच आहे. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, १५०-६०० मिलिमीटरचा झूम पूर्ण ६०० ला, ट्रायपॉड, वायरचा रिमोट. नवीन मंडळींसाठी एकच आकडा सांगतो, तो पाठ करा: ११०. चंद्र आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या साधारण ११० पट लांब आहे. त्यामुळे लेन्सच्या फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवर चंद्र किती मोठा उमटणार ते मिळतं, ६०० ला साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या सेन्सरवर जवळपास १४०० पिक्सेल. आणि गंमत म्हणजे हाच आकडा दुसऱ्या बाजूलाही चालतो. विमान जितकं लांब आहे त्या अंतराला ११० ने भागा, तेवढे मीटर रुंद "खिडकी" तिथे चंद्र व्यापतो. कालचं विमान २२ किलोमीटरवर होतं, म्हणजे खिडकी २०० मीटरची. ७७७-३०० ईआरची लांबी ७३.९ मीटर, म्हणून ते बिंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं मोठं दिसतं. त्याच जागी एअरबस ए३२० असतं तर साडेसदतीस मीटर, म्हणजे पाचवा हिस्सा पण नाही. मोठं विमान येईपर्यंत थांबायचं की नाही हे आता मी यावरूनच ठरवतो.

आता वेग बघा. क्रूझला, म्हणजे पूर्ण उंचीवर सरळ जात असलेलं विमान सेकंदाला २५० मीटर धरायला हरकत नाही. २०० मीटरची खिडकी म्हणजे ०.८ सेकंद. एवढाच वेळ, आणि त्यात पापणी लवली तर विमान डोळ्यांनी बघायचं पण राहून जातं, म्हणून मी आता व्ह्यूफाइंडरला डोळा लावतच नाही, फोकस लॉक करून शेजारी उभा राहून रिमोट धरतो आणि उघड्या डोळ्यांनी विमान येताना बघतो.

शटर स्पीडवर मी पहिला महिना पूर्ण वाया घालवला. तेव्हा १/२५० वर मारत होतो, चंद्र एकदम कडक येत होता म्हणून मला वाटलं सेटिंग बरोबर आहे, पण दोनदा विमान बिंबाच्या अगदी जवळून गेलं ते झूम केल्यावर लांबट डाग दिसलं. हिशोब सोपा आहे, २२ किलोमीटरवर माझा एक पिक्सेल साधारण १४ सेंटीमीटरचा, म्हणजे विमान सेकंदाला साडेसतराशे पिक्सेल पळतं. १/२५० ला सात पिक्सेलची फरपट, १/५०० ला साडेतीन, १/१६०० ला एकच्या थोडं वर. १/१६०० च्या खाली उतरू नका, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. लूनी ११ चा नियम धरला तर पूर्ण चंद्राला एफ ११ (लेन्सच्या छिद्राचं माप) वर आयएसओ आणि शटर सारखे, तेच एफ ८ वर आयएसओ ८०० ला १/१६०० येतं, पण त्रयोदशीचा चंद्र पौर्णिमेइतका उजळ नसतो आणि ३० अंशावर हवेचा थरही जाड असतो म्हणून मी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवून आयएसओ १६०० ठेवला. नॉइज (दाणेदारपणा) आहे, पण विमानाच्या कडा शाबूत आहेत, आणि मला कडा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

फोकसची भीती सोडा. चंद्रावर लाइव्ह व्ह्यूमधे (कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर) दहापट झूम करून मॅन्युअल फोकस लावा, सावली पडलेल्या कडेजवळचं एखादं विवर घ्या, पौर्णिमेच्या सपाट बिंबावर फोकस लागलाय की नाही तेच कळत नाही. ६०० ला एफ ८ वर अगदी पिक्सेलच्या कडक हिशोबाने सुद्धा अकरा-साडेअकरा किलोमीटरच्या पुढचं सगळं शार्प येतं, त्यामुळे २० किलोमीटरवरचं विमान आपोआप त्यात बसतं. मग लेन्सच्या रिंगला टेप लावून टाका आणि परत हात लावू नका.

दुसऱ्या महिन्यातला घोटाळा बफरचा, म्हणजे कार्डवर जाण्याआधी फोटो साठवणाऱ्या कॅमेऱ्याच्या मेमरीचा होता. विमान दिसलं आणि मी रिमोट दाबूनच धरला, तीन सेकंदात बफर भरला, कॅमेरा अडखळायला लागला आणि नेमकं तेव्हा विमान चंद्राच्या वरच्या कडेला घासून गेलं. एक फ्रेम आली ती पण अर्ध्या पंखाची. आता विमानाचं नाक बिंबापासून एका चंद्राएवढ्या अंतरावर आलं की दाबतो, त्याच्या आधी नाही.

आता मुख्य मुद्दा. तिसऱ्या महिन्यात सेटिंग सगळी बरोबर, आकाश स्वच्छ, आणि तरी एकही विमान बिंबाला शिवलं नाही. मी घरीच रिसीव्हर लावलाय, एक यूएसबीवर चालणारा एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ) आणि ६९ मिलिमीटरची तार उभी करून केलेला अँटेना. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा सांगत असतात, ती थेट पकडली की वेबसाइटवरच्या काही सेकंदांच्या उशिराची कटकट राहत नाही. विमान १५० किलोमीटरवर असताना मला दिसतं, म्हणजे हातात दहा मिनिटं असतात. तेवढ्यात चंद्र स्वतः पाच बिंबांएवढा सरकतो, म्हणून विमान पोचेल त्या क्षणाचा चंद्राचा दिगंश (दिशेचा कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासूनचा कोन) घेऊन शीटमधे हिशोब करत होतो. सगळं जुळत होतं. आणि तरी सहा विमानं, सहाही चंद्राच्या वरून गेली. खालून एकही नाही.

हे सहाच्या सहा वरून जाणंच मला खटकलं. नशिबाचा खेळ असता तर काही वर, काही खाली अशी विखुरली असती ना? एकाच बाजूला चुकतंय म्हणजे मी कुठेतरी एकच चूक परत परत करतोय. सहाही वेळचे फोटो काढलेले होते, त्यावर बिंबाच्या व्यासाने मोजलं तर प्रत्येक वेळी विमान दीड ते दोन चंद्र वर. घड्याळ तपासलं, माझ्या जागेचे अक्षांश-रेखांश तपासले, चंद्राचं ॲप बदलून बघितलं, काही फरक नाही.

चूक उंचीत होती. विमान स्वतः सांगतं ते ३५,००० फूट मी १०.७ किलोमीटर म्हणून धरत होतो, पण तो आकडा खरी उंची नसतोच. विमानाचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) हवेचा दाब मोजतो आणि प्रमाण वातावरणात तेवढा दाब ज्या उंचीवर असतो ती उंची दाखवतो. प्रमाण वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस आणि १०१३.२५ हेक्टोपास्कल. प्रत्यक्ष हवा त्याहून गरम असली की ती फुगलेली असते, दाबाचे सगळे थर वर सरकतात, आणि "३५,००० फुटांवर" उडणारं विमान खरं तर त्याहून वर असतं. आकाशात सगळीच विमानं तोच दाब धरून उडतात, सगळ्यांचीच चूक सारखी असते, म्हणून एकमेकांमधलं अंतर सुरक्षित राहतं. अडचण फक्त आपल्यासारख्यांची, ज्यांना जमिनीवरून कोन मोजायचाय. ढोबळ नियम असा की हवा वरपर्यंत १० अंशांनी गरम असेल तर उंचीत ४ टक्के वाढ. १०.७ किलोमीटरचे ४ टक्के म्हणजे चारशे मीटरच्या वर!

आता हे चारशे मीटर २०० मीटरच्या खिडकीशेजारी ठेवून बघा. ३० अंशावर बघताना त्यातले साधारण ३५० मीटर नजरेच्या रेषेला काटकोनात दिसतात, म्हणजे पावणेदोन चंद्र. माझ्या सहा फोटोंमधलं माप हेच होतं. रात्री दीड वाजता हा आकडा जुळला तेव्हा जो आनंद झाला तो खरं सांगतो, कालच्या फोटोइतकाच होता.

यावर उपाय विमान स्वतःच देतं. वेगाचा जो संदेश ते पाठवतं त्यातच जीपीएसची उंची आणि दाबाची उंची यातला फरक असतो, रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमधे भौमितिक उंची म्हणून वेगळा रकाना दिसतो, तो घ्या. त्यात एक बारकावा आहे, ही उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते, समुद्रसपाटीपासून नाही, आणि हा फरक काही ठिकाणी शंभर मीटरपर्यंतही जातो. तुमच्या उभं राहायच्या जागेची उंची पण त्याच मापात घ्या आणि मगच वजाबाकी करा, नाहीतर एक चूक काढून दुसरी घातल्यासारखं होईल.

मग काल काय केलं, तर माझी नेहमीची जागा सोडून चंद्राकडे पाठ करून ७०० मीटर मागे गेलो. चारशे मीटर भागिले ३० अंशाचा टॅन, एवढंच गणित. मागे गेलं की विमान खाली दिसायला लागतं, चंद्र मात्र आहे तिथेच राहतो. पहिल्या विमानाला हवाई वाहतूक कंट्रोलरने शॉर्टकट दिला असावा, मार्ग सोडून लांबून गेलं. दुसरं बिंबाच्या खालच्या कडेला चाटून गेलं, आणि मला पहिल्यांदाच विमान चंद्राच्या खालच्या अर्ध्यात दिसलं! तिथून साठ-सत्तर पावलं पुढे सरकलो. तिसरं हे ७७७.

फ्रेमबद्दल थोडं. जमिनीवर सूर्य मावळला होता पण अकरा किलोमीटरवर तो दहा-पंधरा मिनिटं जास्त टिकतो, त्यामुळे विमान नुसती काळी छायाकृती नाहीये, पोटाला आणि इंजिनांच्या खालच्या बाजूला तांबूस ऊन लागलंय आणि मागे करडा चंद्र. असं होईल हे माझ्या डोक्यातही नव्हतं, मी काळ्या छायाकृतीचीच कल्पना करून बसलो होतो. विमान बाहेर पडल्यानंतरच्या दोन फ्रेममधे पण बघण्यासारखं आहे, इंजिनांच्या गरम झोतामुळे चंद्राची उजवी कड पाण्याखाली असल्यासारखी लहरते आणि त्या पट्ट्यातली विवरं वाकडी होतात.

स्पर्धेचा नियम एकच एक्स्पोजरचा आहे, क्रॉप आणि टोन चालतो, काही जोडायचं किंवा पुसायचं नाही, आणि निवड झाली तर रॉ फाईल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाईल) मागतात. मला हा नियम मनापासून पटतो. जोडलेले फोटो काढणाऱ्यांबद्दल राग नाही, पण त्यांचा विभाग वेगळा असावा. आणि जोडलेलं ओळखता येतं, चंद्राची उजळ बाजू ज्या दिशेला, विमानावरचं ऊन त्याच दिशेचं हवं, कारण सूर्य दोघांना एकच. दिवसाउजेडीच्या फोटोत चंद्राचा अंधारा भाग आजूबाजूच्या आकाशापेक्षा काळा दिसत असेल तरी शंका घ्या, मधली उजळ हवा त्याच्याही पुढेच असते. आणि क्रूझच्या उंचीवरचं प्रवासी विमान बिंबापेक्षा मोठं दिसूच शकत नाही, अगदी डोक्यावर असलं तरी खिडकी शंभर मीटरच्या आसपास असते आणि ए३८० चा पंखविस्तार सुद्धा ८० मीटरच्या आत आहे.

दहातली कोणती पाठवायची यावर कालची रात्र गेली. पाचवी फ्रेम सगळ्यात स्वच्छ, विमान जवळपास मधोमध. पण मी आठवी पाठवतोय, जिच्यात नाक बिंबाच्या बाहेर निळ्या आकाशात गेलंय, शेपूट अजून चंद्रावर आहे आणि मागचा झोत दोन विवरांना हलवतोय. तिच्यात विमान खरंच जाताना दिसतं. फक्त क्रॉप आणि थोडा कॉन्ट्रास्ट, नॉइज तसाच ठेवलाय. आजूबाजूच्या नऊ रॉ फाईल पण दोन डिस्कवर कॉपी करून ठेवल्यात, विचारलं तर सलग देता येतील.

पुढच्या महिन्यात ४५ अंशावर करून बघणार आहे, तिथे मागे सरकायचं अंतर ४०० मीटरच यायला हवं, पण विमान जवळ असल्यामुळे खिडकीही १४० मीटरवर येईल आणि शटर १/२००० च्या वर न्यावा लागेल. तुमच्यापैकी कोणाच्या फोटोत विमान सतत एकाच बाजूने चुकत असेल तर ते फोटो डिलीट करू नका, बिंबाच्या मापाने अंतर मोजा आणि त्या वेळचे दोन्ही उंचीचे आकडे सोबत लिहून पाठवा, मी शीटमधे घालून बघतो.