टाके वाढलेला रुमाल

रविवार, रात्री

जळगावहून चाळीसगावला उतरले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. स्वयंपाकाचं त्राण नव्हतं. सकाळची कळण्याची भाकरी आणि ठेचा, झालं जेवण. डोळे मिटताहेत, पण मी जिथे भूमिती शिकायला जाते त्या जळगावच्या रविवारच्या वर्गात आज माझी जी शोभा झाली, ती आत्ताच लिहायला हवी. उद्यापर्यंत मी ती माझ्या सोयीची करून टाकेन.

सरांनी सहज विचारलं, "समांतर रेषा कशाला म्हणायचं?" एकोणीस वर्षं नववीला भूमिती शिकवतेय मी. हात वर करायचंही भान नाही, बसल्या जागेवरून बोलले, "ज्यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं, त्या." सर म्हणाले, "ही व्याख्या झाली की प्रमेय?" आणि फळ्याकडे वळले. शेजारच्या बाकावर माझाच एक जुना विद्यार्थी बसतो. तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही आम्हाला हेच शिकवलं होतं." पोराचं काही चुकलं नाही.

भूमितीचा पाया घालणाऱ्या ग्रीक युक्लिडची व्याख्या अशी: एकाच प्रतलात असलेल्या आणि दोन्हीकडे कितीही वाढवल्या तरी न भेटणाऱ्या सरळ रेषा. बस्स. अंतराचा उल्लेखच नाही. नववीच्या पुस्तकातही न छेदणाऱ्या रेषा असंच आहे, त्यामुळे पुस्तकावर ढकलायची सोय नाही. मीच दरवर्षी फळ्यावर शब्द फोडून दाखवायचे, 'सम' अधिक 'अंतर', बघा किती सोपं! न भेटणं ही एक गोष्ट आणि सारखं अंतर राखणं ही दुसरी. पहिलीवरून दुसरीवर जायला युक्लिडचं पाचवं गृहीतक, म्हणजे सिद्ध न करता मानून घेतलेलं विधान, लागतं. आपल्या भाषेनं ते गृहीतक शब्दाच्या पोटातच शिवून टाकलंय, आणि मी ते रोज खडूनं गिरवत आले.

समाधान एवढंच की या चुकीला वय आहे. पोसिडोनियस नावाच्या ग्रीक विचारवंतानेही समांतरची व्याख्या सारख्या अंतरावरूनच केली होती, असं युक्लिडवर भाष्य लिहिणाऱ्या प्रोक्लसने लिहून ठेवलंय. म्हणजे दोन हजार वर्षं जुन्या रांगेत मी उभी आहे. तरी तो बाक आठवला की कान गरम होतात.

बुधवार

ऑफ तासाला पुन्हा पाचव्या गृहीतकाशी बसले. पहिली चार कशी सुटसुटीत आहेत. दोन बिंदूंतून रेषा काढता येते, रेषा वाढवता येते, वर्तुळ काढता येतं, सगळे काटकोन सारखे. आणि मग हे पाचवं: दोन रेषांना तिसरीने छेदलं आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला भेटतात. वाचता वाचता दम लागतो. खुद्द युक्लिडही पहिल्या पुस्तकातली २८ प्रमेयं त्याला हात न लावता उरकतो. एकोणतिसाव्याला नाइलाज होतो तेव्हा काढतो, सणासुदीला ठेवणीतलं भांडं काढावं तसं.

मला वाटलं, सारख्या अंतराचं आपण सिद्ध करून टाकू, म्हणजे वर्गात तोंड दाखवायला जागा राहील. पहिल्या प्रयत्नात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश धरली. सरांनी वहीत लाल गोल केला. दुसऱ्यांदा एक आयत काढून सुरुवात केली. आयत असतो हे कुणी सांगितलं, असं समासात आलं. तिसऱ्यांदा लहानमोठे समरूप त्रिकोण घेतले. पुन्हा गोल. तिन्ही वेळा पाचवं गृहीतकच वेष पालटून मागच्या दारानं आत आलं होतं. 'उघड आहे की' हे शब्द आता माझ्या वहीतून हद्दपार.

आण्णांची तिफण आठवली. तीन फण, तीन काकऱ्या. बांधाला वळण असलं की बैल वळायचे, काकऱ्याही वळायच्या, पण दोन काकऱ्यांतलं अंतर जिथल्या तिथं. मी लहानपणी त्या मोकळ्या काकऱ्यांतून पाय टाकत चालायचे. सारखं अंतर ठेवणारी ओळ सरळ असलीच पाहिजे, असं त्या शेतानं मला कधीच सांगितलं नव्हतं. फळ्याशी गेल्यावर मी ते विसरले.

रविवार

आज साकेरी. इटलीचा पाद्री, १७३३ सालचं पुस्तक, युक्लिडवरचा प्रत्येक डाग पुसून काढायची प्रतिज्ञा. पायावर दोन सारख्या उंचीचे लंब उभे करायचे आणि त्यांची टोकं जोडायची. वरचे दोन कोन एकमेकांइतके असतात, ते सिद्ध होतं. पण ते काटकोन, विशालकोन की लघुकोन? काटकोनच ठरले की पाचवं गृहीतक सिद्ध. विशालकोन त्याने नीट खोडून काढला. लघुकोन धरून चालला तर पानामागून पान नवीन निष्कर्ष निघत गेले, विसंगती काही सापडेना. शेवटी त्याने जाहीर केलं की हे सरळ रेषेच्या स्वभावालाच रुचणारं नाही. पाचव्या गृहीतकाशिवायची नवी भूमिती हातात आली होती आणि माणसानं ती डाग समजून पुसली! मला त्याचा राग येत नाही, फार ओळखीचा वाटतो.

पुढे रशियाच्या लोबाचेव्हस्कीने १८२९ साली आणि हंगेरीच्या बोल्यायने १८३२ साली तेच निष्कर्ष न घाबरता छापले. थोर जर्मन गणिती गाऊसने बोल्यायच्या वडिलांना कळवलं की याची स्तुती करणं म्हणजे स्वतःचीच स्तुती करणं होईल, कारण हे सगळं आपल्या डोक्यात आधीपासून आहे. तरुण बोल्यायला हे वाचून काय वाटलं असेल? आमच्याकडे बक्षीस समारंभात अध्यक्ष असंच बोलतात.

शनिवार

सहल पाटणादेवीला. पोरं धबधब्याकडे पळाली, मी तिथल्या शिलालेखाचा विचार करत सावलीत बसले. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, साल १२०७, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ. भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड, ते नेमकं कुठलं यावर वाद आहेत. आम्ही चाळीसगावकर अर्थातच ते आमचंच धरून बसलोय.

त्यांनी आपल्या ग्रंथातल्या गोलाध्यायात एक फार नेमकी गोष्ट सांगितलीय. परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस तिच्यावर इवलासा, म्हणून ती त्याला सपाट भासते. पाचवं गृहीतक न मानणाऱ्या, म्हणजे अयुक्लिडीय, भूमितीच्या पुस्तकात हीच गोष्ट दोन पानं घेते. लहान तुकड्यावर कोनांची बेरीज १८० च्या इतकी जवळ येते की कोनमापकाला फरक कळत नाही. नववीची पोरं कागदाचे कोन फाडून शेजारी शेजारी चिकटवतात आणि मी 'सिद्ध झालं' म्हणते. सिद्ध काय झालं? कागद लहान होता, एवढंच.

आखाजी (अक्षय्य तृतीया)

माहेरी. घागर भरून झाली, पोरी झोक्यावर. आई खापरावर मांडे करत होती. हातावर ताणत ताणत ताटाएवढा झालेला मांडा उपड्या खापरावर पडला आणि सुरकुती न पडता बसला. मी शेजारी तेवढाच गोल कापलेला वर्तमानपत्राचा कागद धरून पाहिला, त्याच्या कडेला चुण्याच चुण्या. गोलावर वर्तुळाचा परीघ सपाटीपेक्षा कमी भरतो, कागदाची जादा कड कुठे जाणार? कणीक ताणली जाते म्हणून निभावतं. आई म्हणाली, "हाई शिकाले तू जयगावले जास?"

दुपारी तिच्या पिशवीत एक लोकरीचा गोल रुमाल सापडला, क्रोशाचा. टेबलावर बसतच नव्हता, कड सगळी लाटांसारखी वर-खाली. "टाका वाढी गयात व माय, दुसरं काय!" ती तो उसवायलाच निघाली होती. मी जवळजवळ ओढूनच घेतला. प्रत्येक फेरीला टाके ठराविक पटीनं वाढवत गेलं की परीघ सपाटीपेक्षा जास्त होत जातो आणि नेमका लोबाचेव्हस्कीच्या भूमितीचा पृष्ठभाग तयार होतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना तायमिना यांनी १९९७ साली असेच विणून वर्गात वापरले. आईचं वाढवणं काही मोजून झालेलं नव्हतं, पण माझ्या कामाला पुरेसं होतं.

रुमाल दुमडला की घडीची रेषा म्हणजे तिथली सरळ रेषा. एका घडीवर लाल दोरा घातला. वर एक टाका निवडून त्यातून घड्या घालत गेले. सपाटीवर न भेटणारी अशी एकच निघाली असती. इथे एक लाल दोऱ्याला भेटत नव्हती. दुसरीही नाही. तिसरीही नाही. तिन्ही त्या लाल दोऱ्यापासून कडेकडे लांब लांब जात होत्या. सम अंतर कुठेच नाही. जूनमध्ये नववीला हेच घेऊन जाणार, आणि 'समांतर' शब्द फोडायचा नाही.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "दोरा मना शे, ध्यान ठेव."