एवढा मोठा डाग, मग वादळ का नाही आलं?

सूर्यावर एवढा मोठा डाग असूनही पृथ्वीवर चुंबकीय वादळ का आलं नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सूर्य दाखवायला दुर्बीण मांडली की कुणीतरी हटकून म्हणतं, "बातम्यांत तर सूर्यावर भयंकर स्फोट झाला म्हणतात, मग इथं काहीच कसं होत नाही?"

मला 2014 ची दिवाळी आठवते. गच्चीवर पांढऱ्या पुठ्ठ्यावर सूर्याची प्रतिमा पाडून मी रोज डाग पेन्सिलीनं गिरवत होते. (दुर्बिणीला डोळा लावून सूर्य कधीही बघू नका.) ताटलीएवढ्या प्रतिमेवर चिंचोक्याएवढा काळा डाग. प्रत्यक्षात तो जवळजवळ गुरू ग्रहाएवढा रुंद, 1990 नंतरचा सर्वात मोठा. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेला क्रमांक 12192. भाऊबीजेच्या पहाटे, आपल्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, त्यातून एक्स 3.1 दर्जाची ज्वाला भडकली. एक्स म्हणजे सर्वात वरचा दर्जा. तो डाग समोर होता तेवढ्या दिवसांत अशा सहा ज्वाला झाल्या आणि सहांपैकी एकीबरोबरही प्लाझ्माचा, म्हणजे तापलेल्या विद्युतभारित वायूचा, ढग सुटला नाही.

ज्वाला आणि ढग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्वालेचा प्रकाश सव्वाआठ मिनिटांत इथं पोचतो. पृथ्वीवर मोठं चुंबकीय वादळ आणतो, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून काढतो, तो ढग, आणि त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. पण आधी तो सूर्यावरून सुटायला हवा.

डागांच्या वर चुंबकीय क्षेत्राचा पीळदार दोर असतो, दोन्ही टोकं सूर्यात रुतलेली, मधे कमान. त्यातून वाहणारी वीज कमानीला वर ढकलते. तिच्यावर आणखी मोठ्या चुंबकीय कमानी पसरलेल्या असतात, त्या तिला खाली दाबतात. उंचीबरोबर हा दाब झपाट्यानं ओसरला तर दोर निसटतो आणि प्लाझ्मासकट ढग होऊन बाहेर पडतो. सावकाश ओसरला तर दोर थोडा उसळतो आणि तिथंच अडकतो. 12192 च्या डोक्यावरचं क्षेत्र फार वरपर्यंत बळकट होतं. म्हणून मी डागाच्या आकाराला घाबरत नाही, डोक्यावर काय आहे ते विचारते.

गंमत म्हणजे कधी कधी वरचा दाब पुरेसा ओसरलेला असूनही दोर परततो. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेनं निर्वात टाकीत प्लाझ्माच्या अशाच कमानी तयार केल्या आणि 2015 मध्ये कारण मांडलं. दोराला पीळ कमी असेल, तर तो वर जाताना त्याच्या लांबीच्या दिशेनं असलेल्या क्षेत्राचा ताण वाढतो आणि तोच त्याला मागे खेचतो. मला हा प्रयोग फार आवडतो. सूर्यावरचं गणित माणसानं टाकीत उतरवलं!

आणि दोर सुटला तर? 2 सप्टेंबर 1859 ला मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदीत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) कोसळलेली दिसते. मे 2024 मध्ये लडाखात हानलेचं आकाश ध्रुवीय प्रकाशानं लाल झालं, तेही सुटलेल्या ढगांमुळेच.

आता पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं घडवलेली 'सूट' दुर्बीण भारताच्या आदित्य-एल1 यानावरून सूर्य बघते आहे. अडचण एवढीच की डोक्यावरचं ते क्षेत्र फार क्षीण असतं, ते थेट मोजणं अवघड. बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या मोजमापांवरून त्याचा हिशोब मांडावा लागतो. दोर सुटणार की अडकणार, हे आधी छातीठोकपणे सांगता न येण्याचं हे एक मोठं कारण.