चार फुटी रीफ टाकीचा सम्प : पहिल्या सात आठवड्यांची नोंद

पुण्यातील आमच्या घरात खाऱ्या पाण्याच्या रीफ टाकीचे, म्हणजे प्रवाळांसाठीच्या टाकीचे, काम सुरू करून आज सात आठवडे पूर्ण झाले. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असून काच 10 मिलिमीटरची आहे. तिच्याखालच्या कपाटात बसवलेला सम्प (पाणी गाळण्याची उपकरणे ठेवायची दुसरी टाकी) म्हणजे माझ्याकडचीच 30 इंच लांब, 14 इंच रुंद आणि 16 इंच उंच अशी जुनी गोड्या पाण्याची टाकी आहे. हाताने काम करणाऱ्यांना आकडे उपयोगी पडतात, म्हणून ही नोंद मी शक्य तितकी मोजमापांसह लिहीत आहे.

सम्पची आखणी करताना मी सुरुवातीला पंप चालू असतानाचाच विचार केला होता. पाणी कोठून उतरेल, फिल्टर सॉकमधून (गाळणीच्या पिशवीतून) कसे जाईल, स्किमरला (फेस करून पाण्यातील घाण काढणाऱ्या यंत्राला) किती खोली मिळेल, बुडबुडे कोठे अडतील, हे सगळे कागदावर नीट बसले होते. आमच्या भागात देखभालीसाठी गुरुवारी वीज अनेकदा काही तास बंद असते, हे ठाऊक असूनही पंप थांबल्यावर काय होईल याचे गणित मात्र मी केले नव्हते. काचेची जाडी वजा करता वरच्या टाकीतील एक इंच पाणी म्हणजे सुमारे 13 लिटर होते, तर सम्पमधील एक इंच म्हणजे साडेसहा लिटर. वरची पातळी एक इंच उतरली की खालची दोन इंच चढते, आणि सम्पच्या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी हेच प्रमाण असते.

पहिली चाचणी मी मीठ न घालता नळाच्या पाण्यावर घेतली आणि ती तशी घेतली याचे मला अजूनही समाधान वाटते. रिटर्न पाइपचे, म्हणजे सम्पमधील पाणी वर नेणाऱ्या पाइपचे, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली चार इंचांवर होते. पंप बंद करताच पाइपमधून उलटा सायफन सुरू झाला आणि ते तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खाली येत राहिले. चार इंचांचे 52 लिटर, ओव्हरफ्लोच्या (वरचे पाणी खाली सोडणाऱ्या) पेटीतील आणि पाइपांतील आणखी तीन, असे एकूण 55 लिटर पाणी उतरले, परंतु चालू स्थितीतील पातळीच्या वर सम्पमध्ये जागा होती फक्त 47 लिटरची. उरलेले आठ लिटर फरशीवर आले. कपाटाच्या तळाला आधीच वॉटरप्रूफ रंग दिलेला असल्यामुळे प्लायवुड वाचले.

त्यानंतर रिटर्नचे तोंड मी पाऊण इंचावर आणले आणि पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडले. पातळी उतरून छिद्र उघडे पडले की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटे येऊ न देणारी झडप) लावण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला, पण त्याच्या झडपेत वाळूचा कण किंवा लहानशी गोगलगाय अडकली तरी तो पूर्ण बंद होत नाही, आणि खाऱ्या पाण्यात कालांतराने त्यावर चुन्याचा थरही बसतो. त्यामुळे पाणी अडवण्यासाठी मी त्याच्यावर विसंबलो नाही. दुसऱ्या चाचणीत 16 लिटर पाणी उतरले आणि सम्पची पातळी साडेआठ इंचांवरून 11 इंचांवर जाऊन थांबली. तेथे मी काचेवर बाहेरून लाल पट्टी चिकटवली आहे.

पाणी खाली आणण्यासाठी मी तीन पाइपांची, म्हणजे बीनअ‍ॅनिमल पद्धतीची रचना निवडली. पहिला पाइप पूर्ण सायफनवर चालतो, दुसऱ्यातून थोडेसे पाणी वाहते आणि तिसरा एरवी कोरडा राहून पहिले दोन तुंबल्यावरच उपयोगी पडतो. यासाठी मागच्या काचेला तीन छिद्रे पाडून घ्यावी लागली. टफन्ड (उष्णतेने कडक केलेल्या) काचेला छिद्र पाडता येत नाही, ती फुटते, म्हणून टाकी बनवायला देतानाच साधी काच मागून घ्यावी. सायफनच्या पाइपवर प्रवाह बारकाईने कमी-जास्त करण्यासाठी गेट व्हॉल्व्ह लागतो. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो पितळी असतो आणि पितळेतील तांबे खाऱ्या पाण्यात उतरले तर कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना घातक ठरते. पीव्हीसीचा गेट व्हॉल्व्ह मिळवण्यासाठी मला दोन आठवडे थांबावे लागले. तोवर लावलेल्या बॉल व्हॉल्व्हने काम भागले, पण दांडा केसभर हलवला तरी प्रवाह एकदम बदलायचा आणि गुळगुळ आवाज रात्रभर चालायचा. गेट व्हॉल्व्ह बसवल्यापासून खोलीत पाण्याचा आवाज जवळजवळ येत नाही.

पंपाच्या खोक्यावर ताशी 3000 लिटर लिहिलेले आहे, परंतु साडेचार फूट उंची आणि तीन एल्बो (पाइपची वळणे) पार करून प्रत्यक्षात किती पाणी वर पोहोचते ते मोजल्याशिवाय कळत नाही. वेग कमी ठेवून मी 20 लिटरची बादली भरून पाहिली आणि ती एका मिनिटात भरली. म्हणजे ताशी 1200 लिटर, टाकीच्या पाण्याच्या साधारण पाच पट. सम्पमधून यापेक्षा जास्त पाणी फिरवण्याची मला गरज वाटत नाही, कारण प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह टाकीतील वेव्हमेकर (पाणी ढवळणारे छोटे पंप) देतात.

बॅफलच्या, म्हणजे सम्पचे कप्पे पाडणाऱ्या, काचा मी बुरशीरोधक द्रव्य नसलेल्या सिलिकॉनने चिकटवल्या आणि आठवडाभर वाळू दिल्या. स्किमरच्या कप्प्यात पाणी नऊ इंचांवर स्थिर राहते. मधल्या रिफ्यूजियममध्ये (शेवाळ वाढवण्याच्या कप्प्यात) कीटोमॉर्फा शेवाळ आहे आणि त्यावरचा दिवा रात्री चालतो, म्हणजे टाकीतील दिवे बंद असताना पीएच फारसा खाली जात नाही.

बाष्पीभवनाचा सगळा परिणाम शेवटच्या, म्हणजे रिटर्न पंपाच्या, कप्प्यातच दिसतो, कारण इतर कप्प्यांची पातळी बॅफलने ठरलेली असते. सध्या कोरड्या हवेत, पंखा चालू असताना, दिवसाला सुमारे साडेतीन लिटर पाणी उडते, म्हणजे रिटर्नच्या कप्प्यात दोन इंचांची घट होते. मीठ मागेच राहत असल्याने भर घालायची ती गोड्या आरओ-डीआय (क्षार जवळजवळ पूर्ण काढलेल्या) पाण्याचीच. स्वयंपाकघरातील अनेक आरओ यंत्रांत कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते, त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजल्याशिवाय ते पाणी वापरू नये. ऑटो टॉप-ऑफसाठी (उडालेल्या पाण्याची भर आपोआप घालण्यासाठी) मी मुद्दामच 20 लिटरचा कॅन घेतला. फ्लोट अडकून तो पूर्ण रिकामा झाला आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली, तरी सम्पची पातळी 14 इंचांच्या आसपासच थांबते आणि क्षारता 35 पीपीटीवरून (दर हजार भागांत 35 भाग क्षार) साडेबत्तीसपर्यंतच उतरते. 50 लिटरचा कॅन सोयीचा वाटला असता, पण या सम्पला तो परवडणारा नाही.

तिसऱ्या आठवड्यात चाचणीचे पाणी काढून टाकून आरओ-डीआय पाण्यात सुमारे दहा किलो मीठ विरघळवले. रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घेतल्यावर क्षारता 35 भरली. स्किमरचा फेस खाऱ्या पाण्यातच नीट तयार होतो, त्यामुळे त्याची खरी चाचणी तेव्हाच झाली. माशांना घातक असलेला अमोनिया पाचव्या आठवड्याच्या अखेरीस शून्यावर आला, नायट्राइट सहाव्यात, आणि नायट्रेट सध्या 15 पीपीएम आहे.

दगडांबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली सर्व दगडी प्रवाळांचा समावेश झाला. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून टाकीत ठेवणे कायद्याने चूक आहेच, शिवाय ज्या रीफसाठी आपण एवढा खटाटोप करतो तिचेच ते नुकसान आहे. माझ्या टाकीतील सर्व दगड सिरॅमिकचे आहेत. मासेही बंदिस्त जागेत पैदास झालेलेच घेणार आहे. क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने विकसित केलेले असल्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे काहीच कारण उरत नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी दहा वाजता वीज गेली तेव्हा मी घरीच होतो आणि टॉर्च घेऊन कपाटासमोर बसलो. दोन मिनिटांत पाणी लाल पट्टीला टेकले आणि तेथेच थांबले. इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर ठेवला आहे. त्यामुळे पृष्ठभाग हलत राहिला आणि पाण्यात प्राणवायू मिसळत राहिला. वीज दुपारी दोनला आली आणि मिनिटभरात सायफन पुन्हा लागला. स्किमर मात्र त्या वेळी 11 इंच पाण्यात उभा असल्याने त्याचा फेस उसळून कप भरला. आता त्याच्या प्लगला दहा मिनिटे उशिरा चालू होणारा टायमर लावला आहे. सायफन तोडणाऱ्या छिद्रावर तपकिरी शेवाळ धरू लागले आहे, ते दर रविवारी टूथपिकने मोकळे करायचे असे ठरवून कपाटाच्या दाराला आतून तशी चिठ्ठी लावली आहे.