शके १८१६ की १८१९?

बाबांनी खापरपणजीच्या कबरीवरची अक्षरं रंगवून घेतली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. अलिबागहून पेंटर आणला होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याला हिब्रू येत नव्हतं, बाबांना प्रार्थनेपुरतं येत होतं. दोघं दिवसभर उन्हात बसून दगडातल्या खाचा काळ्या ऑइलपेंटने भरत होते. संध्याकाळी तो दगड दहा पावलांवरूनही वाचता यायला लागला. बाबांना इतका आनंद झाला की त्यांनी पेंटरला आमच्याबरोबरच जेवायला बसवलं. त्या दिवसाचा फोटो घरात आहे. गेल्या महिन्यात त्याच कबरस्तानात दोन दिवस घालवून आले, आणि तेव्हापासून तो फोटो मी सारखा काढून बघतेय.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. गावातली म्हातारी माणसं आम्हाला अजून ‘शनिवार तेली’ म्हणतात, कारण आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं त्यांनी तिथेच पुरली, ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. आणि आडनावं म्हणाल तर रायगड जिल्ह्याची एसटीच: किहीमकर, थळकर, चौलकर, झिराडकर, पेणकर, आपटेकर, दिवेकर. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्रायलला गेली. ज्या गावाच्या नावावर आडनाव चालतं त्या गावात आज आमचा एक उंबरठा नसतो, पण कबरी असतात. करवंदीच्या जाळीत, भाताच्या खाचरांच्या कडेला, कुंपण असलं तर असलं.

आमची आत्या इस्रायलमध्ये दिमोनाला असते. वय चौऱ्याऐंशी. तिने फोनवर सांगितलं, ‘माझे डोळे आहेत तोवर सगळ्या दगडांचे फोटो काढून पाठव. कोण कुठे निजलंय ते मला एकदा वहीत लिहायचंय.’ म्हणून गेले.

शनिवारी आम्ही कबरस्तानात जात नाही, त्यामुळे रविवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली. बरोबर एकोणीस वर्षांचा भाचा. प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. अलिबागमधल्या खोलीचे एका रात्रीचे साडेचार हजार घेतले आणि शेजारच्या बंगल्यात रात्री दीडपर्यंत डीजे चालू होता. लहानपणी ज्या अलिबागला आम्ही ‘गाव’ म्हणत होतो, तिथे रविवारी आता रस्ता ओलांडायला दहा मिनिटं थांबावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इस्रायल आळीत मात्र शांतता होती. मागेन आबोथ सिनेगॉगच्या पायऱ्यांवर पाच मिनिटं बसले आणि रिक्षाने रेवदंड्याच्या दिशेला निघाले. पुढच्या गावाचं नाव लिहीत नाही. संगमरवराच्या पाट्या उचलून नेणारे लोक असतात. एका कबरीचा नुसता चौथरा उरलाय, पाटी कुणाच्या तरी विहिरीवर असणार.

कबरस्तानाला लागून एका काकींचं घर आहे. बकऱ्या आत शिरू नयेत म्हणून त्यांनी स्वतःहून काटेरी फांद्या टाकून वाट अडवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसेही देत नाही. दुपारी त्यांनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. वर म्हणाल्या, ‘कोलबी केली व्हती, पन तुमी लोकं नाय खात ना ती.’ खवलं आणि पर असलेलाच मासा आम्हाला चालतो. ही गोष्ट मुंबईतल्या माझ्या वीस वर्षांपासूनच्या मैत्रिणींच्या लक्षात राहत नाही.

कामाला बसलो. भाच्याने कबरस्तानाचा कच्चा नकाशा काढला, प्रत्येक कबरीला नंबर दिला. पाटीवर नंबर लिहून ती कबरीशेजारी ठेवायची, आधी आहे तसा फोटो, मग मऊ ब्रशने माती झाडून दुसरा. तारेचा ब्रश नाही, दगडावर खडू नाही, ॲसिड तर मुळीच नाही. दगडफूल चिकटलेलं असेल तर तसंच ठेवायचं, ओढून काढलं की दगडाचा पापुद्रा त्याच्याबरोबर निघतो. अक्षर दिसत नसेल तर वहीत प्रश्नचिन्ह. एकूण अडतीस कबरी. त्यातल्या सोळांवर काही लिहिलेलंच नाही, नुसते काळे दगड रचलेले. जुन्या कबरी अशाच असतात. आमच्या लोकांना हिब्रू नव्याने शिकवलं ते कोचीनहून आलेल्या ज्यूंनी आणि मिशनऱ्यांनी. जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण १८३२ चं. त्यामुळे दगडावर लेख दिसायला लागतात ते बहुतेक त्यानंतरच, आणि दिसतात तेव्हा वर हिब्रू, खाली मराठी, शक आणि वार सगळं एकत्र.

एकविसावी कबर खापरपणजीची.

तिच्याबद्दल आमच्या घरात एक गोष्ट होती, मोठ्याने न सांगितली जाणारी. तिला दोन मुलगे. धाकटे माझे पणजोबा. थोरला चौदाव्या वर्षी मुंबईला मांडवीत सुताराच्या हाताखाली कामाला लागला. आमचं सर्वांत जुनं सिनेगॉग, १७९६ चं, त्याच भागात, सॅम्युएल स्ट्रीटवर. आणि सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी सापडले तेही मांडवीतच. गोष्ट अशी की मुलगा अंगात ताप घेऊन मचव्याने गावी पळून आला, आईने त्याला मांडीवर घेऊन जागवलं, मुलगा वाचला आणि आई गेली. त्याला तोंडावर म्हणायचे, आईला खाऊन जगला. बापाने त्याला घराबाहेर काढलं. भावाने आयुष्यभर बोलणं टाकलं. पुढे त्याचे मुलगे-नातवंडं म्हणजे ‘थोरल्या घरचे’. आमच्याकडे मलिदा असला, एलियाहू हान्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे-खोबरं-फळांचं ताट भरलं, सगळ्या आळीला बोलावणं गेलं, तरी त्यांना जात नसे. माझ्या लहानपणी ठाण्यातल्या एका लग्नात आत्याने त्यांच्या शेजारची खुर्ची सोडून दुसरी घेतली, ते मी बघितलंय.

आणि या सगळ्याला पुरावा होता, बाबांनी रंगवून घेतलेला दगड. शके १८१९. हिब्रूत ताव, रेश, नून, खेत. हिब्रूमध्ये अक्षरं हेच आकडे असतात: ताव चारशे, रेश दोनशे, नून पन्नास, खेत आठ. सहाशे अठ्ठावन्न. वरचे पाच हजार लिहीत नाहीत, धरून चालतात. म्हणजे ५६५८, म्हणजे १८९७-९८, प्लेग भरात असताना. सगळं जुळत होतं.

मी ते वहीत उतरवून घेतलं आणि शेवटची ओळ उतरवायला लागले. आमच्या बहुतेक दगडांवर शेवटी पाच अक्षरं असतात: ताव, नून, सादे, बेत, हे. ‘तिचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो’ या वाक्याची ती आद्याक्षरं. पाचवं अक्षर ‘हे’, दुसरं असूच शकत नाही. पण समोर काळ्या रंगात ‘खेत’ होतं.

ही दोन्ही अक्षरं दाराच्या चौकटीसारखी दिसतात, वर आडवी रेघ आणि दोन पाय. ‘खेत’चे दोन्ही पाय वर चिकटलेले. ‘हे’चा डावा पाय वरच्या रेघेला टेकत नाही, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट असते. पेंटरने ती फट बुजवली होती. त्याला वाटलं असणार, दगड झिजलाय, आपण अक्षर पुरं करू. शेवटच्या ओळीत बुजवली, मग वर्षाच्या अक्षरात?

पोटात गोळा आला. ‘हे’ म्हणजे पाच. सहाशे पंचावन्न. आणि मराठी ओळीतला शेवटचा ९ जर मुळात ६ असेल तर शके १८१६, तेही तंतोतंत जुळतं. दोन्हीकडे फरक तीनच वर्षांचा.

दगडाचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात त्याच्यावर ऊन येतच नाही. फोनचा टॉर्च लावला, पण भर दुपारच्या उजेडात तो दिसेना. आम्ही दोघं दगडाला नाक लावून बसलेले बघून काकी कुंपणाशी आल्या. मी सांगितलं, अक्षर दिसत नाही. त्या काही न बोलता घरात गेल्या आणि भिंतीवरचा आरसा काढून घेऊन आल्या, लाल प्लॅस्टिकच्या चौकटीचा, कोपऱ्यात टिकल्या चिकटवलेला. ‘हिरीत घागर परली का आमी असाच बगताव,’ म्हणाल्या. ‘आरशानं ऊन आत टाकाचा.’

भाचा चार हात लांब उन्हात उभा राहिला. समोरून ऊन मारलं तर दगड नुसता पांढरा झाला. मग त्याला म्हटलं, बाजूला सरक, अगदी दगडाच्या कडेने येऊ दे. तो इंच इंच सरकत गेला. एका जागी आल्यावर उन्हाची तिरीप दगडावरून घासत गेली आणि प्रत्येक खाचेच्या एका काठाला सावली धरली. टाकीचा एक एक घाव वेगळा झाला. रंग मात्र जिथे नुसता वरून फासलेला होता तिथे सपाटच राहिला. त्या अक्षराचा डावा पाय खालून वर येत होता आणि आडव्या रेघेच्या आधी थांबत होता. मध्ये रंग होता, खाच नव्हती. मी डोळे मिटून बोट फिरवलं. खाच, मग गुळगुळीत दगड, मग पुन्हा खाच.

खालचा आकडा बघितला. ६.

भाच्याचा हात भरून आला होता, तरी तो आरसा हलू न देता उभा होता. ‘मावशी, काय आहे?’ म्हणून त्याने तीनदा विचारलं म्हणे. मला ऐकूच आलं नाही.

तरी रात्री खोलीवर शंका आली. आपल्याला हवं ते आपण बघितलं नाही ना? दगडावर महिना शेवात आणि दिवस ‘वाव’, म्हणजे सहा, स्पष्ट होता, आणि मराठीत ‘गुरुवार’ असा शब्द होता, तो कुणी कधी ताडून बघितला नव्हता. हिब्रू कॅलेंडर उघडलं. ५६५८ मधला ६ शेवात शनिवारी येतो. ५६५५ मधला गुरुवारी. ३१ जानेवारी १८९५. शेजारचा डीजे तेव्हा चालूच होता, आणि मी पलंगावर बसून रडले. मुंबईत प्लेग सापडायच्या दीड वर्षाहून जास्त आधी ती गेली होती. मुलगा तापाने घरी आला असेलही, कोकणात तापाला काय तोटा. पुढे प्लेग आला, सगळ्यांच्या मनात तेच नाव बसलं, आणि चौदा वर्षांच्या पोराच्या माथी ते मारलं गेलं.

माझी चिडचिड बाबांवर नाही. त्यांनी तो दगड जपावा म्हणूनच रंगवला, आणि गोष्ट त्यांनीही लहानपणापासून तशीच ऐकलेली. पण आज गावोगावी आमच्यातले हौशी लोक मोठ्या मायेने रंगाचे डबे घेऊन कबरस्तानांत जातात, साफसफाईच्या दिवशी तारेचे ब्रश वाटले जातात, त्याचे फोटो फिरतात, आणि माझा जीव खालीवर होतो. आधी वाचा हो. आधी आहे तसा फोटो काढा. तो रंग आता खरवडून काढावा का, हेही मी भाच्याशी खूप बोलले आणि शेवटी हात लावला नाही. वहीत लिहून ठेवलं: कबर २१, रंग नंतरचा, मूळ वाचन असं असं.

सोमवारी उरलेल्या कबरी झाल्या. निघताना प्रत्येकीवर एक एक खडा ठेवला, बाहेर येऊन हात धुतले. पाणी काकींनीच तांब्याने घातलं. ‘कल्ला का, कवा गेली ती?’ त्यांनी विचारलं. कळलं म्हटलं. त्यांनी आरसा पदराने पुसला आणि आत नेऊन खिळ्याला लावला.

मांडव्याच्या धक्क्यावर बोट यायला वेळ होता, तिथूनच आत्याला फोन लावला. सगळं सांगितलं. फट, आरसा, गुरुवार, तारीख. पलीकडे इतकी शांतता की मला वाटलं फोन कट झाला.

‘बोट लावून बघितलंस?’

‘बघितलं.’

‘रंग लागला नाही ना बोटाला?’

‘तो केव्हाच वाळलाय गं आत्या.’

पुन्हा बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘थोरल्या घरची एक नात इथे लोदला असते. नंबर आहे माझ्याकडे, कधी लावला नाही. उद्या लावीन. आज मला बोलता यायचं नाही.’