१५२ पायऱ्या आणि नववीचं रसायनशास्त्र

आज स्पेनमधल्या सेगोवियाचा अल्काझार पाहिला. एरेस्मा आणि क्लामोरेस नद्यांच्या बेचक्यात, जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला किल्ला. १४७४ मध्ये इसाबेला इथूनच कॅस्टिल राज्याची राणी म्हणून घोषित व्हायला निघाली. हे ऐकून होते. पण १७६४ मध्ये स्पेनचा राजा तिसऱ्या कार्लोसने याच राजवाड्यात तोफखान्याची शाळा काढली, हे इथे आल्यावर कळलं.

खरा धक्का पुढेच होता. तोफा डागायला शिकणाऱ्या या पोरांना रसायनशास्त्र शिकवायला होता लुई प्रूस्त! तोच तो, स्थिर प्रमाणाचा नियमवाला (संयुगात मूलद्रव्यांचं वजनी प्रमाण नेहमी ठरलेलंच असतं, तो नियम). नववीत त्याच्यापायी मी किती बोलणी खाल्लीत! त्याची प्रयोगशाळा किल्ल्यासमोरच होती. दारूगोळ्याला रसायनं लागणारच म्हणा.

१८६२ च्या मार्चमध्ये आग लागली आणि छतं गेली. माद्रिदला जायला मिळावं म्हणून कॅडेट्सनीच ती लावली, अशी एक दंतकथा आहे. खरी असेल तर फसलीच बिचारी, शाळा सेगोवियातच राहिली. नंतर डागडुजी झाली. आता इथे संग्रहालय आणि लष्करी दफ्तरखाना आहे.

बुरुजाच्या १५२ पायऱ्या चढले. गुडघे अजून कुरकुरतायत. फोटो उद्या टाकते.