तुम्ही विचारलंत म्हणून: माज संपला, तरी ती घरीच का?

उंदरांच्या शिकारीला मी टेरियर नेतो, म्हणजे बिळात घुसणारी छोटी शिकारी कुत्री. त्यातल्या मादीबद्दलचा हा प्रश्न बहुतेक फोनवर येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात मी टाळतोय अशी शंका असते. "माजावर आहे तोवर नका आणू, ते समजतं. पण रक्त थांबून महिना झाला की! आता कसली अडचण?" कोंबड्यांच्या शेडवाले विचारतात, धान्याच्या गोदामवाले विचारतात, आणि स्वतः टेरियर पाळणारे जरा टोचूनच विचारतात. इतकी वर्षं "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणून मी वेळ मारून नेली. आता एकदाच सांगून टाकतो.

माजाच्या दिवसांबद्दल आपलं भांडण नाही. शिकारीला इतरांचे नर बरोबर असतील तर त्या दिवसांत उंदीर सुखात असतात. नर बिळाकडे बघत नाहीत, तिच्याकडे बघतात, मग एकमेकांकडे. ती स्वतः दर चार पावलांवर मुततच असते. दुसऱ्या दिवशी तिला घरी ठेवून नुसते नर नेले, तरी ते तिचा वास हुंगत फिरतात.

फक्त "रक्त थांबलं म्हणजे संपलं" एवढं डोक्यातून काढा. ती पाळी नव्हे. बायकांना अंडं येऊन गेल्यावर रक्त जातं, कुत्रीला ते अंडं यायच्या आधी जातं. सरासरी ९ दिवस, पण ३ पासून २१ पर्यंत काहीही. लाल रंग फिका पडून वाळल्या गवतासारखा झाला, तिनं शेपूट बाजूला धरली, की खरे दिवस तेव्हा सुरू होतात. अंडं सुटल्यावर पिकायला आणखी दोनेक दिवस घेतं, आणि नराचं बीज आत पाच-सहा दिवस सहज टिकतं. म्हणजे "आता रक्त नाही, आणा" असं तुम्ही म्हणता, नेमकं तेव्हा आणायचं नसतं.

हे झाले तीन आठवडे. तुमचा प्रश्न त्यानंतरच्या दोन महिन्यांचा आहे, आणि त्यासाठी मिरीबद्दल सांगावं लागेल.

मिरी माझी पहिली टेरियर. वजन सहा किलो, तेव्हा वय सात वर्षं. एका कोंबड्यांच्या शेडवर आम्ही गेलो होतो, माज संपून महिना उलटला होता. वास थांबलेला, नर शांत, सगळं तुम्ही म्हणता तसं. खाद्याच्या पेटाऱ्यांखालच्या फळ्या उचलल्या तेव्हा खाली नुसती चाळण झाली होती. नरांनी पहिल्या तासातच धुमाकूळ घातला. मिरी एका बिळात अर्धी शिरली, मागे आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

ती असं कधी करत नसे. ज्या कुत्रीला बिळातून पाय धरून ओढून काढावं लागायचं, ती बाहेर येऊन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाटकं करू नकोस. जा." ती गेली. पुन्हा मागे आली. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदाही म्हणालो, आणि तिसऱ्यांदाही ती गेली. त्या बिळातून तिनं दोन उंदीर काढलेसुद्धा.

माझ्याकडे वही असते. कुठल्या जागी किती उंदीर, कुठल्या कुत्र्यानं किती, सगळं लिहून ठेवतो. त्या दिवशीची नोंद अजून आहे : "एकूण ४१. मिरी आळशी. ३ वेळा सांगावं लागलं."

घरी आल्यावर ती पाणी प्यायली. भांडं रिकामं केलं, मी भरलं, तेही रिकामं केलं. रात्री पुन्हा. मला बरंच वाटलं. दमलीय, धुळीत काम केलंय, पाणी पितेय, चांगलं आहे की! जेवण सोडलं तेव्हा वाटलं, उन्हानं झालं असेल. त्याआधीचे आठ-दहा दिवसही ती जास्त पाणी पीत होती, पण त्या दिवसांतही काम होतंच, त्यामुळे प्रत्येक दिवसाला कारण तयार होतं. पहाटे तिला उलटी झाली आणि ती उठेना.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा माज कधी झाला?"

मला सांगता येईना. वही गाडीतच होती. तिच्यात वर्षभराच्या प्रत्येक उंदराचा हिशोब होता, आणि ही एक तारीख नव्हती. शेजारचा नर फाटकाशी कधी बसायचा ते आठवून मी कसेबसे सहा आठवडे मोजले. डॉक्टरांनी मान हलवली, म्हणजे त्यांना हेच ऐकायचं होतं. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी पुवानं गच्च भरलेली दिसली. पिशवीचं तोंड बंद होतं, म्हणून बाहेर एक थेंब आला नव्हता. त्याच दुपारी सलाईन लावून ऑपरेशन केलं आणि पिशवी काढली. काढलेली पिशवी त्यांनी मला दाखवली. सहा किलोच्या कुत्रीच्या पोटात ते कसं मावलं, आणि ते घेऊन ती त्या बिळात कशी शिरली, हे मला अजून कळलेलं नाही. ती शिरली कारण मी सांगितलं.

याला पायोमेट्रा म्हणतात. कुत्रीचं शरीर मोठं विचित्र आहे. नर लागो न लागो, माजानंतर दोन महिने ते गाभण असल्यासारखंच वागतं. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभणपण टिकवणारं संप्रेरक, चढलेलं राहतं, पिशवीचं अस्तर जाड होतं, पिशवी आकसून आतलं बाहेर टाकत नाही, प्रतिकार ढिला पडतो. माजात तोंड उघडं असताना जे जंतू वर चढले, त्यांना आयतं घर मिळतं. त्यांचं विष मूत्रपिंडाला भिडतं, मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी फार आणि म्हणून तहान फार. हे प्रकरण बहुतेक वेळा माजानंतर चार ते आठ आठवड्यांत उगवतं. म्हणजे तुमचा फोन येतो तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, कामामुळे थोडंच झालं? नाही झालं. डॉक्टरांनीच सांगितलं, घरात गादीवर लोळणाऱ्या कुत्रीलाही हे तितकंच होतं, आणि निरोगी कुत्रीला माजानंतर दोन महिने बसवून ठेवायची वैद्यकीय गरज नाही. हे मान्य करायला मला त्रास होतो, पण मान्य आहे. मी बसवतो ते वेगळ्याच कारणासाठी. काम केल्यावर प्रत्येक कुत्री पाणी पिते. प्रत्येक कुत्री झोपते, एखाद्या वेळी जेवण टाकते. कामाच्या दिवसांत आजाराची खूण आणि थकव्याची खूण मला वेगळी ओळखता येत नाही. मिरीनं सिद्ध केलं की मला येत नाही. ती घरी असली की भांडं खोटं बोलत नाही. आता मी मापाच्या भांड्यातून पाणी घालतो आणि रात्री उरलेलं मोजतो. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर पाणी जाऊ लागलं तर ती तहान नव्हे, तक्रार आहे. सहा किलोला ६०० मिली. वहीत आता उंदरांच्या आधी हा आकडा असतो.

तेव्हाचा मी असतो तर आताच्या मला हसला असता. म्हणाला असता, वाटी घेऊन कुत्रीमागे फिरणारा माणूस शिकारीचा नव्हे. आणि त्याचं सगळंच चूक होतं असंही नाही. बसवून ठेवलेल्या टेरियरचे हाल मी रोज बघतो. लवंगी, म्हणजे माझी आताची, दाराशी बसून कण्हते, वजन वाढवते, फरशी उकरते. गेल्या वेळी सातव्या आठवड्यात तिला दूध आलं आणि रबरी उंदराला पिल्लू समजून ती आठवडाभर त्याच्यावर पहारा देत बसली. (जिवंत उंदरांनी हे बघितलं असतं तर?) त्या दिवसांत नेत नाही याला निदान कारण तरी आहे. सुजलेली थानं घेऊन बिळात घुसली की ओरखडे ठरलेले. बाकीच्या आठवड्यांना मात्र कारण माझी भीती, आणि ती भीती मीच पाळतो असंही नाही. मागच्या वर्षी एका गोदामवाल्याचं फारच नुकसान चाललं होतं म्हणून पाचव्या आठवड्यात तिला नेलं. तिनं झकास काम केलं. रात्रभर मी भांड्याशी बसलो.

मग पुढचा प्रश्न येतो, आणि तो बरोबर असतो : लवंगीची पिशवी का काढून टाकत नाही? स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून दिसतं की पिशवी असलेल्या कुत्र्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला दहा वर्षांची होईपर्यंत पायोमेट्रा होतो. म्हणजे ही दुर्मीळ गोष्ट नाही. आणि मिरी? पिशवी गेल्यावर अडीच महिन्यांनी ती पुन्हा बिळात होती, पुढे चार वर्षं होती, आणि कामात तसूभर फरक पडला नाही. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या बाजूनं बोलणारा पुरावा माझ्याकडे नाही.

मला लवंगीचं एक वेत हवं आहे. तिच्यासारखं नाक आणि तिच्यासारखा आवाज मी दुसऱ्या कुत्र्यात बघितलेला नाही. ज्याच्या नावावरून जॅक रसेल टेरियर म्हणतात त्या इंग्लंडमधल्या जॉन रसेलनं १८१९ मध्ये ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची जी टेरियर विकत घेतली, जिच्यापासून त्याच्या टेरियरांची सगळी ओळ सुरू झाली, ती कुत्रीच होती, असं मी लोकांना ऐकवतो. पण हे ऐकवताना मला माहीत असतं की लवंगी पाच वर्षांची झाली आणि मी अजून नर ठरवलेला नाही. डॉक्टर म्हणतात, पिल्लं नको असतील तर माजानंतर तीनेक महिन्यांनी, सगळं शांत असताना ऑपरेशन करून घ्या. गेल्या वेळी ती वेळ आली आणि मी पावसाळ्याचं कारण सांगितलं.

आज अडतिसावा दिवस. काल ३४० मिली. सकाळी शेडवाल्यांचा फोन येऊन गेला, त्यांना पुढच्या आठवड्यात बघू म्हणालोय.